मायनं गाडीला बांधलेला दोरा

आमच्या घरात सगळं तुटायचं, कपाच्या कानापासून मायच्या धीरापर्यंत. फक्त दोरा तुटायचा नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, सिल्वासाच्या एका धागा कारखान्यात ऑपरेटर होते. तिथलं टाकाऊ सूत, ज्याला सगळे ‘वेस्ट’ म्हणत, ते कामगारांना पिशवी भरभरून घरी न्यायची मुभा होती. पॉलिस्टरचा तो धागा तापवून, पिळून कुरळा केलेला असायचा. ओढला की लांबायचा, सोडला की मुकाट परत जागेवर. सामरवरणीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याच्यावाचून पान हलत नसे. कपडे वाळत घालायची दोरी त्याची, उशा त्याच्या, भांडी घासायचा बोळा त्याचा, माझ्या वेण्यांच्या रिबिनी त्याच्या, आणि देवाच्या फोटोला हार घालायचा तोही त्यातच ओवलेला. फुलं सुकून गळून जायची आणि नुसता दोरा गणपतीच्या गळ्यात वर्षभर लटकत राहायचा. मला लहानपणी वाटायचं, देवाला दोराच आवडत असणार.

मला प्रश्न फार पडायचे. आजही पडतात, पण आता लोक मला गाड्यांच्या शर्यतीतली विजेती वगैरे म्हणून ओळखतात, त्यामुळे सौजन्यानं उत्तरं देतात. तेव्हा माय एकच उत्तर द्यायची: “गप वं भवाने!” धागा कुरळा का करतात? कुत्रं बसण्याआधी गोल का फिरतं? कारखान्याची शिट्टी वाजली की आप्पा झोपेतही डावा हात का उचलतात? आमच्या आळीत मला ‘चौकशी कचेरी’ म्हणायचे. मी तो मान समजायचे.

आप्पांच्या डाव्या हाताचं उत्तर मला पुढे मिळालं. धागा कुरळा करायच्या मशीनवर रांगेनं शेकडो चात्या भन्नाट फिरत असतात आणि त्या खात्यात शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. तर्जनी आणि मधल्या बोटाची कात्री केली, की ‘धागा काप’. तळहात खाली दाबला, की ‘हळू घे’. एक बोट सरळ उभं धरून त्याभोवती दुसऱ्या हाताचं बोट गरागरा फिरवलं, की ‘धागा रोलरला गुंडाळलाय, बघ लवकर’. खानदेशातून आलेला, युपीतून आलेला, गुजराती, आदिवासी, सगळ्यांची भाषा तीच. आप्पांचे कान वर्षागणिक मंद होत गेले, तशी ही भाषा आमच्या घरात आली. जेवताना चिमटीची खूण केली की मी मीठ द्यायची. आणि माय एकदा का जुन्या रडगाण्यावर आली, की माझ्या मामेबहिणीच्या लग्नात आम्हाला कसं मागच्या पंगतीला बसवलं इथपासून सुरू होऊन पुन्हा तिथेच यायची. मग आप्पा तिच्या पाठीमागे हळूच बोट उभं धरून दुसरं बोट गोल गोल फिरवायचे. गुंडाळला धागा! मी पदरात, म्हणजे ओढणीत तोंड खुपसून हसायची. मायला ही भाषा मुळीच मंजूर नव्हती. “मुक्यासारखा काय खेळ मांडी ठेवेल शे,” असं म्हणायची आणि खुणेनं काही मागितलं तर द्यायची नाही. तोंड उघडून मागा, नाहीतर अळणी खा.

मायची खानावळ होती. खानावळ म्हणजे आमचीच पुढची खोली, बाहेर पत्र्याची पडवी. धुळ्या-जळगावकडून एकटी आलेली पोरं कारखान्यात काम करायची आणि दोन्ही वेळेला मायच्या हातचं जेवायची. सकाळपासून घरात खलबत्त्याचा आणि रॉकेलच्या स्टोव्हचा आवाज. शेवभाजीचा काळा रस्सा असा झणझणीत, की नव्या पोराचं नाक पहिल्या घासाला वाहायचं आणि माय खूष व्हायची: “आते समजनं ना कोना घरी जेवस ते!” हिवाळ्यात भरीत, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. रविवारी डुबुकवड्या. ज्यांना कामावरून येता यायचं नाही त्यांचे डबे कारखान्यांच्या दारी पोचवावे लागायचे, आणि ते काम शेजारचे रमणभाई करायचे. त्यांचं गॅरेज आमच्या पडवीला लागूनच होतं. बायको वारलेली, मुलगी भरूचला सासरी. ते आमच्याकडे जेवायचे आणि त्या बदल्यात त्यांच्या जुन्या मारुती व्हॅनमधून डबे न्यायचे. पुढे त्यांचा गुडघा बिघडला आणि क्लच दाबता येईना. मला नुकतंच अठरावं सरलेलं. मायच म्हणाली, “हिले शिकाडी द्या. नाहीतरी दिवसभर तुमना गॅरेजमाच पडेल राहस.”

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. लोकांना वाटतं, माझ्या घरच्यांनी मला गाडीपासून अडवलं आणि मी बंड केलं. कसलं बंड! मायनं स्वतः मला गाडीत बसवलं, कारण डबे थंड होत होते. मुलाखतीला येणारी मुलं-मुली डोळे चमकवून विचारतात, “मॅडम, डाळ सांडू नये म्हणून तुम्ही वळणं सफाईनं घ्यायला शिकलात ना?” छे हो! डाळ सांडायची. रोज सांडायची. व्हॅनच्या मागच्या फळीवर डाळीचा असा थर बसला होता, की रमणभाई म्हणायचे, “बेन, ही गाडी विकायची नाही, वघारायची.” म्हणजे फोडणीला टाकायची.

डबे देऊन झाले की रमणभाईंबरोबर मी दुरुस्त झालेल्या गाड्या सुरंगीच्या रस्त्याला फिरवून आणायची. तिकडे जंगल, वळणं आणि मधूनच मोळ्या घेऊन चाललेल्या बाया. रमणभाईंना शर्यतीच्या गाड्यांचा नाद होता. जुनी मारुती आठशे आणून, आतल्या सीट उपटून, लोखंडी पाइपांचा सांगाडा बसवून ते ती जवळपासच्या मातीच्या शर्यतींत उतरवायचे. चालवायचा त्यांचा भाचा. मला त्या गाडीपेक्षा तिच्याविषयीचे प्रश्न जास्त आवडायचे. एकदा मी विचारलं, “रमणभाई, गाडी पळताना पंखा बंद असतो आणि उभी केली की गुरगुर सुरू होतो. उलटं नको का?” त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, “जो बेन, बघ. पळते तेव्हा रेडिएटरला हवा फोगटमां मिळते. उभी राहिली की कोण देणार? मग पंखो.” मला हे इतकं आवडलं की मी घरी येऊन मायला सांगितलं. माय म्हणाली, “मंग पयत राह्य म्हना तिले. कसाले थांबस?” पळतच राहा म्हणावं तिला, थांबतेच कशाला! आज विचार करते, तर माझ्या सगळ्या शर्यतींचं शहाणपण त्या एका वाक्यात आलेलं होतं. पण बोलणारी भाकऱ्या थापत होती आणि ऐकणारी पुढच्या प्रश्नाला लागली होती.

त्या पावसाळ्याच्या शेवटी दोन गोष्टी एकदम झाल्या. शिरपूरकडचं एक स्थळ मला सांगून आलं. माणसं चांगली होती, उगाच नावं कशाला ठेवू. मुलगा शाळेत शिक्षक, घरी केळीचा मळा. त्यांनी फोटोवरून पसंती कळवली आणि दसऱ्यानंतर आमचा होकार मागितला. आणि त्याच सुमाराला रमणभाईंच्या भाच्याचा हात मोडला. शर्यतीत नाही, पतंगाच्या कारणानं गच्चीवरून उतरताना. दसऱ्याला किलवणीजवळ एका कारखान्यासाठी सपाट केलेल्या माळावर मातीची शर्यत होती. सुट्टीमुळे सगळ्या कारखान्यांतली माणसं येणार. रमणभाई डोक्याला हात लावून बसले. मी विचारलं, “मी चालवू?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “डाळ सांडणार,” ते म्हणाले. म्हणजे हो.

मधे बापट साहेब आले. हे पुण्याचे इंजिनिअर, आप्पांच्या कारखान्यात देखभाल बघायचे, आणि त्यांच्या धाकट्या भावाचा दक्षिणेत शर्यतींचा एक छोटा संघ होता. सरावाच्या दिवशी ते थर्मास घेऊन माळावर उभे होते. त्यांनी मला गाडी चालवताना पाहिलं आणि थेट आमच्या पडवीत येऊन बसले. मायनं शेवभाजी वाढली. घाम पुसत, नाक ओढत ते म्हणाले, “वहिनी, मुलगी पहिल्या तिघांत आली तर भाऊ तिला मद्रासला नेईल, पक्क्या ट्रॅकवर शिकवील. राहायचं माझ्या मावशीकडे. माझी हमी.” मायनं त्यांना आणखी रस्सा वाढला. ते गेल्यावर मात्र मामेबहिणीच्या लग्नापासून सुरुवात झाली. आप्पांनी बोट फिरवलं, पण मला हसू आलं नाही. या वेळी मायच्या बोलण्यात जुनं काही नव्हतं. “परका मुलूख. पोर कोना भरवशावर? गाडी उलटी पडनी ते? आन् शिरपूरवाला काय थांबतीन का हिनासाठे?” तिला खरंच भीती वाटत होती. आणि मला हवं ते इतकं हवं होतं, की मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसले होते. शेवटी आप्पाच, कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, म्हणाले, “एक शर्यत पळू दे. पहिल्या तिघांत आली तर मद्रास. नाही आली तर दुसऱ्या दिवशी शिरपूरला फोन लावू. बोल, कबूल?” माय खूप वेळ परात पुसत राहिली आणि “कबूल” म्हणाली. मीही म्हणाले. माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला तो लागलाच.

दसऱ्याच्या सकाळी कारखाना बंद ठेवून पूजा असे आणि त्या एका दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडत. मी दरवर्षी जायची. एरवी आभाळ फाटल्यासारखी किंचाळणारी ती मशीनं त्या दिवशी धुऊन पुसून गप्प उभी असत आणि गप्प असल्यामुळे ती मला जास्त मोठी वाटत. तिथली रीत अशी, की हार मशीनच्या बाहेरच्या पत्र्याला घालायचा नाही. झाकण उघडायचं आणि जिथे धागा फिरतो तिथे, आतल्या रोलरला घालायचा. “पत्रा काय काम करतो? काम करतो तो आतला,” असं आप्पा म्हणायचे. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करण्याआधी तो हार ऑपरेटर स्वतः काढायचा, शेवटचं सूतही नखानं उकलून काढायचा.

आमची पूजा आटपली आणि आम्ही घरी आलो तर माय म्हणाली, “आते गाडीनी पूजा.” मला भरूनच आलं. कबूल करणं वेगळं आणि आपणहून आरतीचं ताट हातात घेणं वेगळं. रमणभाईंनी गाडी पडवीसमोर आणली. मायनं बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग म्हणाली, “झाकन उघडा.” रमणभाई बघत राहिले. “उघडा ना! पत्रा काय काम करस?” ती रात्रीच झेंडूचा हार ओवून बसली होती, आमच्या घरच्या दोऱ्यात, हळदीत बुडवून पिवळ्या केलेल्या. तिनं तो हार इंजिनावर घातला, आणि हार घसरू नये म्हणून उरलेला दोरा रेडिएटरच्या कडेनं, इकडून तिकडून, आडवातिडवा गुंडाळून पक्की गाठ मारली. ओठ पुटपुटत होते. काय म्हणत होती ते मी कधी विचारलं नाही. इतके प्रश्न विचारले आयुष्यात, तेवढा एक राहिला.

माळावर पोचल्यावर रमणभाईंनी फुलं काढली, दोरा हातानं तुटेना म्हणून ब्लेडनं कापला, जेवढा दिसला तेवढा. रेडिएटरच्या मागच्या अंगाला, पंख्यापाशी, बराचसा तसाच राहिला. त्यांना दिसला नाही, मला दिसला नाही, आणि ज्यांना दिसला असता ते आप्पा मायला घेऊन कुंपणाशी जागा धरायला गेले होते. साधा सुती दोरा असता तर पंख्याच्या पहिल्या फटक्याला तुटून गेला असता. हे फक्त आमच्याच घराला जमण्यासारखं होतं.

सुरुवातीच्या रेषेवर आम्हाला ताटकळत ठेवलं, कारण कुणाची तरी बकरी ट्रॅकवर आली होती. गाड्या गुरगुरत उभ्या. तापमानाची सुई मधल्या रेषेच्या पुढे सरकली आणि मी वाट बघत होते, आता पंखा लागेल. पंखा लागला. घर्र झालं, आणि बंद पडला. मला वाटलं बाहेरच्या गोंगाटात ऐकू आला नसेल. तेवढ्यात झेंडा पडला.

पहिल्या फेरीचं काय सांगू? धुरळा. मी मागून दुसरी-तिसरी असेन. मुरमावर चाकं घसरत होती, पुढच्याच्या चाकांची खडी काचेवर ताडताड वाजत होती, आणि माझा सगळा जीव पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांत अडकला होता. कुंपणाजवळ एक अगदी आवळलेलं वळण होतं. सगळे तिथे आतल्या कडेला चिकटून, जवळजवळ थांबून वळत होते. मीही तसंच केलं. सहज नजर गेली तर सुई लाल रेषेपाशी. गेलं मद्रास! आलं शिरपूर! पुढे लांब सरळ पट्टा होता, तिथे ॲक्सिलरेटर दाबला आणि पुन्हा पाहिलं, तर सुई थोडी उतरलेली. मला वाटलं भास झाला. पुढच्या फेरीला पुन्हा त्या वळणावर चढली, पुन्हा सरळीवर उतरली. अगं बाई, हे काय गौडबंगाल? पळवली की थंड, थांबवली की गरम? वाचकहो, खरं सांगते, त्या घटकेला मी शर्यत विसरले. मला भीती वाटायला हवी होती, पण मला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

वळणाच्या बाहेर रमणभाई लाल फडकं हलवत उभे होते. बोनेटच्या फटीतून वाफ निघताना त्यांना दिसत होती. बाजूला घे, इंजिन जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. त्यांच्या पलीकडे आप्पा. आप्पा ओरडत नव्हते. ते कुंपणाच्या बांबूवर चढले होते आणि डावं बोट उभं धरून त्याभोवती उजवं बोट गरागरा फिरवत होते.

माझ्या मनात आधी काय आलं असेल? की ऐन शर्यतीत आप्पा मायची थट्टा करतायत! मग पाहिलं, माय त्यांच्या शेजारीच होती आणि गप्प होती, दोन्ही हात तोंडावर धरून. आप्पांनी बोट फिरवलं आणि माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली दाखवलं. त्यांना तिथे लोंबणारा पिवळा दोरा दिसला होता, टोकाला एक झेंडू अजून लटकलेला. धागा रोलरला गुंडाळलाय. आमच्या गाडीत रोलर कुठला? पंखा! पंख्याला गुंडाळलाय. पंखा गेलाय. इंजिन धडधाकट आहे, पाणी आहे, नुसता वारा नाही. आणि वारा पळताना फोगट मिळतो. मंग पयत राह्य म्हना तिले, कसाले थांबस?

मी रमणभाईंच्या फडक्याला तळहात दाखवला आणि पुढे गेले. आता एकच करायचं होतं: त्या आवळलेल्या वळणावर थांबायचं नाही. पण आतून वळले तर थांबावंच लागणार. म्हणून मी पुढच्या फेरीला गाडी बाहेरून, पार कुंपणाच्या बाजूनं नेली. लोकांनी मागे उड्या मारल्या, आप्पा मात्र बांबूवर तसेच. बाहेरची माती कुणी तुडवलेली नव्हती, घट्ट होती, आणि गाडी मोठा वळसा घेत, वेग न सोडता, सुळ्ळकन बाहेर पडली. सुई जागची हलली नाही. आणि मी मान वर करून बघते तर काय, जो पुढे होता तो माझ्या मागे! मला काही कळेना. मी तर नुसतं इंजिन थंड ठेवत होते. वळसा लांब, आणि पोचले लवकर? हे कसं? पुढच्या फेरीला मुद्दाम पुन्हा करून पाहिलं. आणखी एक मागे पडला. मी गाडीत एकटीच मोठ्यानं हसत होते. त्या दिवशी मला वळण सापडलं. पुढे मद्रासला मला जे रेघा मारून, आकृत्या काढून शिकवलं, ज्याच्या जोरावर मी देशातली विजेतेपदं मिळवली, ते मला किलवणीच्या माळावर मायच्या दोऱ्यानं आधीच दिलं होतं. आता शर्यतीत हेल्मेटमध्ये यंत्र असतं, संघाचा माणूस कानात बोलत राहतो. शेवटची काही वर्षं मीही त्याचं ऐकत पळले. पण वळण आलं की माझी नजर कुंपणाकडे जायचीच, बोटं शोधायला.

मी दुसरी आले. पहिला सुरतेचा एक जण होता, तो काही मला सापडला नाही. रेषा ओलांडून गाडी थांबवली आणि थांबवल्याबरोबर ती उकळली. पाणी, वाफ, हळदीचा आणि जळक्या प्लास्टिकचा वास. रमणभाईंनी फडक्यानं बोनेट उघडलं. बापट साहेब वाकले. पंख्याच्या दांड्याभोवती मुठीएवढा पिवळा गोळा बसला होता, आवळून वितळलेला, आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या. कुणाला काही विचारावं लागलं नाही. माय तोवर आली होती. तिनं तो गोळा पाहिला, पुढे होऊन बोट लावलं, चटका बसला तरी लगेच काढलं नाही. बापट साहेब काहीतरी हसण्यावारी न्यायला गेले, “वहिनी, आशीर्वाद जरा घट्ट बसला,” वगैरे. माय हसली नाही.

घरी येताच तिनं स्टोव्ह पेटवला. दसऱ्याचं गोडाधोडाचं होतं, तिनं वाढलं. पोरं जेवून, माझी पाठ थोपटून गेली. मी दुसरी आले होते, शर्त मी जिंकले होते, पण मायचा चेहरा बघून मी खाली मान घालून ताटं गोळा करू लागले. खानदेशातली बाई अशा गोष्टीला संकेत मानते. देवाचा हार गाडीला अडला, म्हणजे देवाच्या मनात नाही, असं ती म्हणाली असती तर मी काय उत्तर देणार होते? आणि तिच्या मनाविरुद्ध मद्रासला जायची माझी ताकद नव्हती. हे आज स्पष्ट कळतं. आप्पांनी शेवटी न राहवून विचारलं, “मग उद्या शिरपूरला काय सांगायचं?” माय भांडी आवरत होती. तिनं उत्तर दिलं नाही. आप्पांना वाटलं आपल्यालाच ऐकू आलं नाही, म्हणून ते कानाशी हात नेऊन पुढे झुकले. तेव्हा माझ्या मायनं, जिनं उभ्या जन्मात खुणेला मीठ दिलं नव्हतं, खरकटा हात वर केला, दोन बोटांची कात्री केली आणि चालवली. धागा काप. मग पाठ फिरवून मोरीत गेली, आणि तिथे नळ उगाचच बराच वेळ वाहत राहिला.

दिवाळीनंतर मी निघाले. वापी स्टेशनवर रमणभाईंच्या व्हॅननं गेलो, तीच, फोडणीला टाकायची. फलाटावर बापट साहेबांचा भाऊ तिकिटं घेऊन उभा होता. मायनं डब्यात आमच्याकडचा गोड दराबा दिला, शेंगदाण्याची चटणी दिली, मद्रासचा भात खाऊन पोट बिघडेल म्हणून ओवा दिला. गाडी येताना दिसली तशी तिनं माझा उजवा हात ओढून घेतला आणि कनवटीतून एक नवं, कागदसुद्धा न काढलेलं रीळ काढलं. पांढरं, सुती, बाजारातलं. ज्या घरात उशीतसुद्धा दोरा भरलेला, त्या घरातल्या बाईनं दुकानात जाऊन दोरा विकत आणला होता. तिनं तो हळदीच्या बोटानं पिवळा केला आणि माझ्या मनगटाला बांधला.

“माय, घरात एवढा दोरा असताना हा कशाला आणलास?” मी विचारलं. माझी खोड.

तिनं गाठ मारली, पुन्हा सैल केली, पुन्हा मारली.

“हाऊ तुटस,” माय म्हणाली.